मोबाईलवरची अफवा

पूर्वी गावात दवंडी पिटली की बातमी कळे. दवंडी देणारा ओळखीचा असे. तो खोटे बोलला, तर गाव त्याला जाब विचारी. आता बातमी मोबाईलवर येते. ती मुळात कोणी लिहिली, ते कळत नाही. मग जाब कोणाला विचारायचा?

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. २०१८ साली त्या भागात मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. 'मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा.' १ जुलैला गावचा आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. भिक्षा मागून पोट भरणारी ती गरीब माणसे. हीच ती टोळी, असे लोकांना वाटले. जमाव जमला. पाचही जणांना मारून मारून ठार केले. त्यांनी कोणाचेच मूल पळवले नव्हते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात बंधन घातले. एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे ठरले. पण पाच घरांत गेलेली अफवाही गावभर होतेच.

आपल्याला बोलायचा हक्क आहे. तो राज्यघटनेने दिला आहे. पण आपल्या बोलण्याने दुसऱ्याचा जीव जाऊ नये, हे आपणच बघायचे.

असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. पोलीस पाटलाला विचारा. कोणाचा संशय आला, तर हात उगारू नका. ११२ नंबरवर पोलिसांना कळवा.

आपण वाचायला शिकलो. वाचलेले सगळेच खरे नसते, हेही शिकू या.