वडिलोपार्जित कौलारू घर : वादळानंतरची उभारणी आणि विमा

दि. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, असंख्य घरांची कौले उडाली. टाळेबंदीमुळे त्या वेळी जिल्हाबंदी होती. आपल्या घराचे आढे शाबूत आहे की नाही, हे मुंबईतील अनेक चाकरमान्यांना शेजाऱ्यांच्या दूरध्वनीवरूनच कळले. पुढे आठच दिवसांत मोसमी पाऊस दाखल झाला.

कौलारू घराची खरी हानी येथून सुरू होते. जांभ्या चिऱ्याच्या भिंती बहुधा उभ्या राहतात. परंतु उघड्या छपरातून पाणी शिरले की रीप-वासे कुजू लागतात. म्हणून प्रथम ताडपत्री, आणि तिच्याही आधी छायाचित्रे! पडझड आवरून टाकल्यावर विमा सर्वेक्षकास दाखविण्यासारखे काही उरत नाही. नवे छप्पर करताना वासे भिंतीस लोखंडी पट्ट्यांनी जखडावेत, कडेची कौले तारेने बांधावीत. जुने सागाचे वा फणसाचे लाकूड सरसकट सरपणात घालू नये. गाभा निरोगी असल्यास ते पुन्हा वापरता येते.

विम्याची रक्कम ठरविताना जागेची किंमत धरावयाची नसते, केवळ पुन्हा बांधण्याचा खर्च धरावयाचा असतो. समजा, हा खर्च 10 लाख रुपये आहे आणि विमा 5 लाखांचाच आहे. 2 लाखांच्या हानीपोटी जुन्या अग्निविम्यात सरासरीच्या अटीनुसार 1 लाखच हाती येत. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत ही कपात नाही. शिवाय घरातील सामानास इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते.

गावच्या घराची खरी अडचण निराळीच आहे. ते गणपतीला आणि मे महिन्यात उघडते, एरवी बंद! घर 30 दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिल्यास आणि कंपनीची पूर्वसंमती नसल्यास, जुन्या अग्निविम्याचे संरक्षण संपुष्टात येत असे. तेव्हा घर बंद असते हे प्रस्तावपत्रात लेखी नमूद करावे आणि त्याबाबतची अट वाचूनच हप्ता भरावा. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अद्याप आजोबांचेच नाव असल्यास दाव्याच्या वेळी सर्व वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात; त्यांतील एखादा परदेशी असला, तर छप्पर होईपर्यंत दुसरा पावसाळा येतो.