ईमेलसाठी वेगळा शॉर्टकट कीपॅड घ्यावा का?

उत्तर देणे, फॉरवर्ड, अर्काइव्ह, डिलीट ही कामे एकेका बटणावर देणारे छोटे यूएसबी कीपॅड बाजारात मिळतात. दिवसभर मेल हाताळणाऱ्यांना ते घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. माझे मत आधीच सांगतो. बहुतेकांना अशा कीपॅडची गरज नसते. थोड्या जणांना मात्र तो खरोखर उपयोगी पडतो. आपण यांपैकी कोणत्या गटात आहात, हे एक पैसाही खर्च न करता ठरवता येते. त्यासाठी पुढील क्रम पाळा.

१. आहे त्या कीबोर्डवरचे शॉर्टकट आधी सुरू करा. जीमेलमध्ये एका अक्षराचे शॉर्टकट मुळात बंद असतात, त्यामुळे अनेकांना ते ठाऊकच नसतात. संगणकावर जीमेल उघडून उजवीकडे वर असलेल्या दातेरी चक्रावर क्लिक करा. तिथून ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘जनरल’ विभागात ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ चालू करा. पानाच्या तळाशी असलेले ‘सेव्ह चेंजेस’ दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही. आता जे आणि के या अक्षरांनी मेलच्या यादीत खाली-वर जाता येते. ई दाबले की मेल अर्काइव्ह होतो, म्हणजे इनबॉक्समधून हलतो पण ‘ऑल मेल’मध्ये शिल्लक राहतो. आर म्हणजे उत्तर, एफ म्हणजे फॉरवर्ड, सी म्हणजे नवा मेल. पूर्ण यादी हवी असेल तर प्रश्नचिन्ह दाबा. सुरुवातीला एवढी सहाच अक्षरे वापरा. बाकीची सवयीने येतील.

एक सावधगिरी इथेच घ्या. कर्सर मजकुराच्या चौकटीत नसताना टाइप केलेले प्रत्येक अक्षर हा हुकूम ठरतो. अनवधानाने मेल कुठे गेला असे वाटले, तर लगेच झेड दाबा. शेवटची कृती मागे घेतली जाते.

२. मराठीत टाइप करत असाल तर लिपीची चाचणी घ्या. ही बाब कीपॅडच्या जाहिरातींत सापडणार नाही, पण आपल्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. साधा कीपॅड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कोणती की दाबली गेली त्याचा संकेत पाठवतो. त्या संकेतातून कोणते अक्षर उमटवायचे, हे त्या क्षणी निवडलेला कीबोर्ड ठरवतो. मराठीची इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड-मांडणी सुरू असताना सी या कीवर ‘म’ आहे, जे वर ‘र’ आहे आणि के वर ‘क’. त्यामुळे कीपॅडच्या एखाद्या बटणात आपण इंग्रजीतली ठरावीक ओळ साठवली असेल आणि मराठी सुरू असताना ते बटण दाबले, तर मेलमध्ये काना, वेलांटी आणि मात्रांची निरर्थक माळ उमटते. घाईत असा मेल पुढे गेला तर पंचाईत होते. म्हणून आपण वापरणार असलेले शॉर्टकट मराठी सुरू ठेवून एकदा तपासा. ते चालले नाहीत तर विंडोजमध्ये विंडोज-की आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलण्याची सवय लावा. नवे यंत्र घेतल्याने ही अडचण सुटत नाही.

३. आठवडाभर कागदावर नोंद ठेवा. त्याच त्या क्रमाने होणारे काम दिसले की एक रेघ मारा. उदाहरणार्थ, हिशेब पाहणाऱ्या कार्यालयात पुरवठादाराचे बिल आले की ‘बिल मिळाले’ असे उत्तर द्यायचे, मेल लेखा विभागाला फॉरवर्ड करायचा आणि मग मूळ मेल त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकायचा. अशा साखळ्या किती, हे पाहा. सुटे ‘उत्तर’ किंवा ‘डिलीट’ मोजू नका. तिथे वेळ बोटांत जात नाही, वाचण्यात आणि ठरवण्यात जातो, आणि तो कोणतेही बटण वाचवत नाही.

४. सापडलेल्या साखळ्या सॉफ्टवेअरकडे सोपवा. जीमेलमध्ये फिल्टर लावून ठरावीक पत्त्यावरून आलेले मेल परस्पर लेबलखाली टाकता येतात. ‘अॅडव्हान्स्ड’ विभागात ‘टेम्प्लेट्स’ सुरू केले की नेहमीची उत्तरे साठवता येतात. मराठी उत्तरेही तिथे जशीच्या तशी राहतात. आउटलुकमध्ये ‘क्विक स्टेप्स’ ही सोय आहे. उत्तर, फॉरवर्ड आणि फोल्डर ही वरची साखळी तिच्यात एकदा बसवली की कंट्रोल, शिफ्ट आणि एक अंक एवढ्यावर काम होते. इथवर आल्यावर कीपॅडने वाचणार काय, तर तीन कीऐवजी एक. बहुतेकांनी इथेच थांबावे.

५. तरीही गरज उरते का, ते तपासा. बोटे किंवा मनगट दुखत असल्याने तीन की एकत्र दाबणे ज्यांना अवघड जाते, त्यांना मोठ्या बटणांचा कीपॅड मोठा दिलासा देतो, आणि त्यांनी तो घेण्यात संकोच करू नये. (तात्पुरता उपाय म्हणून विंडोजमधील ‘स्टिकी कीज’ वापरून पाहा. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर ती सुरू करण्याची विचारणा होते, आणि मग की एकामागून एक दाबल्या तरी चालतात.) एका हाताने काम करणाऱ्यांनाही तो उपयोगी आहे. फोनवर बोलता बोलता तक्रारींचे मेल मार्गी लावणारे कर्मचारीही याच गटात येतात. आपण बरेचसे मेल मोबाइलवरच पाहत असाल तर हा विचार सोडून द्या.

६. घ्यायचाच असेल तर आधी कार्यालयाच्या संगणक विभागाला विचारा. बँका आणि अनेक कंपन्यांत बाहेरची यूएसबी उपकरणे चालू दिली जात नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. संगणकाच्या दृष्टीने कीपॅड हा कीबोर्डच असतो; त्यातून जे येईल ते आपणच टाइप केले असे तो मानतो. म्हणून अनोळखी बनावटीचा, संकेतस्थळही नसलेला कीपॅड स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बटणांची मांडणी कीपॅडच्याच स्मृतीत साठते का, हेही विचारा. तशी साठत असेल तर दुसऱ्या संगणकावर पुन्हा काही बसवावे लागत नाही. एल्गाटोच्या स्ट्रीम डेकसारख्या, बटणावर चित्र दाखवणाऱ्या उपकरणांना मात्र संगणकावर त्यांचे सॉफ्टवेअर सुरू लागते.

७. मांडणी करताना समोरच्या खिडकीचा विचार करा. डेस्कटॉप आउटलुकमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर म्हणजे ‘सर्वांना उत्तर’. तेच बटण क्रोममध्ये जीमेल उघडे असताना दाबले तर पान नव्याने लोड होते. समोरचा प्रोग्राम ओळखून मांडणी बदलणारे सॉफ्टवेअर नसेल, तर एकाच मेल-प्रोग्रामसाठी कीपॅड राखून ठेवा. सुरुवातीला चारच बटणे भरा. ‘डिलीट’ आणि ‘उत्तर’ शेजारी ठेवू नका. ‘पाठवा’ला स्वतंत्र बटण देऊच नका, त्यासाठी कंट्रोल आणि एंटर या दोन की मुद्दाम दाबाव्या लागणेच बरे. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत 5 सेकंदांवरून 30 सेकंदांवर न्या, आणि नवी मांडणी हातात बसेपर्यंत ती तशीच राहू द्या.