दुचाकीचा विमा : हप्त्यांची तुलना कशी करावी?

दुचाकीच्या विम्याची मुदत संपत आली की फोन वाजू लागतात. शोरूमवाला एक रक्कम सांगतो, विमा प्रतिनिधी दुसरी सांगतो आणि मोबाइलवर तिसरीच दिसते. तिन्हींत चारपाचशे रुपयांचा फरक असतो, त्यामुळे साहजिकच सर्वांत कमी रकमेकडे हात जातो. किंमत पाहून वस्तू घेण्यात काही चूक नाही. पण विम्याच्या या वेगवेगळ्या रकमा बहुतेक वेळा वेगवेगळ्या मालाच्या असतात. किलोचा भाव आणि पाऊण किलोचा भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवता येत नाही. म्हणून या पाठात आपण आधी दोन्ही पारड्यांत सारखे वजन ठेवायला शिकू आणि मग भाव पाहू.

आपले उदाहरण

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ कावेरीच्या काठी स्वामीमलै हे गाव आहे. मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक असून कांस्यमूर्ती घडवणाऱ्या स्थपतींसाठीही ते प्रसिद्ध आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या काळापासून या भागात मराठी घरे आहेत. अलीकडच्या पिढ्यांत सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागातील सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी कुटुंबेही तमिळनाडूत ठिकठिकाणी स्थायिक झाली आहेत.

समजा, असेच एक गलाई कुटुंब स्वामीमलैत राहते आणि घरातील कर्ता माणूस रोज मोटरसायकलने कुंभकोणमच्या बाजारात जातो. गाडी ११० सीसीची आहे आणि तिला नुकतीच पाच वर्षे पूर्ण झाली आहेत. या पाच वर्षांत त्याने एकदाही क्लेम केलेला नाही आणि विम्यात खंडही पडू दिलेला नाही. आता नूतनीकरणासाठी त्याच्याकडे तीन कोटेशन आली आहेत.

आधी हप्त्याचे भाग वेगळे करा

कोणत्याही कोटेशनमध्ये शेवटचा आकडा आधी पाहू नका. वरून खाली वाचत जा. त्यात साधारणपणे चार भाग दिसतील.

१. थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या माणसाला इजा झाली, त्याचा मृत्यू झाला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार हा विमा सक्तीचा आहे.

२. ओन डॅमेज. तुमच्या स्वतःच्या गाडीचे अपघातात, आगीत किंवा पुरात झालेले नुकसान आणि गाडीची चोरी. हा भाग ऐच्छिक आहे.

३. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. गाडीचा मालक स्वतः गाडी चालवताना दगावला किंवा कायमचा अपंग झाला तर १५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. त्यासाठी त्याच्याकडे वैध परवाना असावा लागतो. हा भाग सक्तीचा आहे. मात्र तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल, किंवा दुसऱ्या गाडीबरोबर हे संरक्षण घेतलेले असेल, तर ते पुन्हा घ्यावे लागत नाही.

४. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगली आहे. पण तिचे संरक्षण २ लाख रुपयांचे आहे, त्यामुळे ती या १५ लाखांच्या विम्याची जागा घेऊ शकत नाही.

कोणता भाग सगळीकडे सारखाच असतो?

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, तो सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेले दुचाकीचे वार्षिक दर असे आहेत :

- ७५ सीसीपर्यंत : ५३८ रुपये
- ७५ पेक्षा जास्त ते १५० सीसी : ७१४ रुपये
- १५० पेक्षा जास्त ते ३५० सीसी : १,३६६ रुपये
- ३५० सीसीपेक्षा जास्त : २,८०४ रुपये

दर बदलले तरी ते सर्व कंपन्यांसाठी एकदमच बदलतात, म्हणून विमा घेताना चालू दर विचारून घ्या. मात्र "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे" असे कोणी सांगितले तर सावध व्हा. गाडी सांगलीत फिरते की स्वामीमलैत, यानेही या दरात फरक पडत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात तिन्ही कोटेशनमध्ये ७१४ रुपये असायलाच हवेत. तुलना करायची ती उरलेल्या भागांची.

तीन कोटेशन शेजारी ठेवू

खालील आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. सर्व रकमा रुपयांत आहेत.

पहिले कोटेशन. गाडीची विमा किंमत ३६,०००. थर्ड पार्टी ७१४. ओन डॅमेज ६२०, त्यातून ५० टक्के नो क्लेम बोनस वजा, म्हणजे ३१०. वैयक्तिक अपघात ३३०. जीएसटीसह एकूण १,५९८.

दुसरे कोटेशन. गाडीची विमा किंमत २८,०००. थर्ड पार्टी ७१४. ओन डॅमेज ४८०, बोनस वजा जाता २४०. वैयक्तिक अपघात नाही. जीएसटीसह एकूण १,१२६.

तिसरे कोटेशन. गाडीची विमा किंमत ३६,०००. थर्ड पार्टी ७१४. ओन डॅमेज ६२०, बोनस दिलेला नाही. वैयक्तिक अपघात ३३०. जीएसटीसह एकूण १,९६४.

वरवर पाहता दुसरे कोटेशन पहिल्यापेक्षा ४७२ रुपयांनी स्वस्त आहे. आता पारडी सारखी करू. दुसऱ्यात वैयक्तिक अपघाताचे ३३० रुपये मिळवले तर जीएसटीसह रक्कम १,५१५ होते. खरा फरक उरला ८३ रुपयांचा. तोही फुकट मिळत नाही. दुसऱ्या कोटेशनमध्ये गाडीची किंमत ८,००० रुपयांनी कमी धरली आहे. उद्या गाडी चोरीला गेली तर हातात येणारे पैसे ८,००० रुपयांनी कमी असतील. दोन्हींत दर जवळपास एकच आहे, माल मात्र दुसऱ्यात कमी आहे.

तिसरे कोटेशन ३६६ रुपयांनी महाग दिसते, पण त्यात हक्काचा बोनस लावायचा राहिला आहे. जुन्या पॉलिसीची प्रत दाखवून बोनस लावून घेतला की तेही १,५९८ वरच येते. थोडक्यात, तिन्ही ठिकाणी भाव जवळपास सारखाच होता. निवड करताना किती भरायचे यापेक्षा काय मिळणार हा प्रश्न मोठा होता.

गाडीची विमा किंमत कुठून येते?

या किमतीला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर कंपनी जास्तीत जास्त एवढीच रक्कम देते. गाडीच्या चालू किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून ती काढतात. घट अशी असते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र ही किंमत कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. म्हणूनच जुन्या गाडीच्या कोटेशनमध्ये सर्वांत जास्त फरक इथे पडतो. तुमच्या गावात तशी गाडी आज कितीला विकली जाते ते पाहा आणि त्याच्या जवळची किंमत मागा. फार जास्त किंमत लावून घेण्यातही अर्थ नाही, कारण त्यामुळे हप्ता विनाकारण वाढतो.

बोनस जपावा कसा?

एक वर्ष क्लेम न केल्यास ओन डॅमेजवर २० टक्के सूट मिळते. मग दर वर्षी ती २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. क्लेम केला की ती शून्यावर येते. पॉलिसी संपून ९० दिवसांहून जास्त खंड पडला तरीही बोनस जातो.

आता एक हिशेब करू. गाडी घसरून प्लॅस्टिकचे भाग तुटले आणि नव्या भागांचे बिल १,६०० रुपये आले. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांच्या किमतीतून कंपनी ५० टक्के घट कापते. उरले ८००. त्यातून सक्तीचा स्वहिस्सा १०० रुपये गेला, हाती आले ७००. पण ५० टक्के बोनस गेल्यामुळे पुढील पाच वर्षांत मिळून जीएसटीसह सुमारे ९१५ रुपये जास्त भरावे लागतील. म्हणजे असा लहान खर्च खिशातून केलेलाच बरा. मोठे नुकसान किंवा चोरी असेल तर मात्र क्लेम करायला कचरू नका, विमा त्यासाठीच आहे.

"पाच वर्षांचा विमा आहे" म्हणजे काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. अनेकांना वाटते की आता पाच वर्षे काहीच पाहायला नको. पण ओन डॅमेजची मुदत बऱ्याच वेळा एकच वर्ष असते. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली आणि ओन डॅमेज संपलेला असेल तर काहीच मिळत नाही. तुमच्या पॉलिसीवर दोन्ही भागांच्या शेवटच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. आजच त्या पाहा आणि दिनदर्शिकेवर खूण करा.

फक्त थर्ड पार्टी घेतली तर?

जुन्या गाडीसाठी काही जण तेवढाच विमा घेतात. कायद्याला ते चालते. पण घरातील माणूस मागे बसत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीला थर्ड पार्टी म्हणून संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या पॅकेज पॉलिसीत मागे बसणाऱ्याला संरक्षण असते. आपल्या उदाहरणात ओन डॅमेजचा भाग बोनस वजा जाता ३१० रुपयांचा आहे. तो वाचवायचा की नाही, हे मागच्या सीटवर रोज कोण बसते ते आठवून ठरवा.

विमाच नसेल तर?

पोलिसांनी पकडल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड होऊ शकतो, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण खरी भीती दंडाची नाही. तुमच्या गाडीखाली कमावता माणूस आला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचे वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरवते. ती रक्कम लाखांत जाते. विमा असेल तर मृत्यू किंवा इजेची ही भरपाई कंपनी देते, त्याला मर्यादा नसते. विमा नसेल तर ती मालकाला द्यावी लागते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव, आवर्ती ठेव, घर, सगळेच धोक्यात येते. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली असेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून गाडीची किल्ली देतानाही विचार करा.

परराज्यात राहणाऱ्यांसाठी

पॉलिसी भारतभर चालते. सांगलीत काढलेला विमा स्वामीमलैतही लागू असतो. मात्र गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिली तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो, म्हणजे एमएच १० ची गाडी कुंभकोणमच्या टीएन ६८ मध्ये नोंदवावी लागते. त्यासाठी आधी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणा. क्रमांक आणि पत्ता बदलला की विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी कागद जुळले नाहीत तर हेलपाटे वाढतात.

तक्रार कुठे करावी?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तमिळनाडूसाठी कार्यालय चेन्नईत आहे, महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे आहे. विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न

१. थर्ड पार्टीची रक्कम सरकारी दराइतकीच आहे का?
२. सर्व कोटेशनमध्ये गाडीची विमा किंमत एकच धरली आहे का?
३. माझा पूर्ण बोनस लावला आहे का?
४. वैयक्तिक अपघात विमा आहे का, की माझ्याकडे तो आधीपासून आहे?
५. नाव, इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक बरोबर आहेत का?

पैसे भरल्यावर काही दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून विम्याची मुदत दिसते का ते पाहा. बनावट पॉलिसी ओळखण्याचा हा सोपा मार्ग आहे.

सराव

शेजाऱ्याने चार वर्षांची १२५ सीसी मोटरसायकल विकत घेतली. विकणाऱ्याला ४५ टक्के बोनस मिळत होता. (अ) गाडीचा वार्षिक थर्ड पार्टी दर किती? (आ) तो बोनस शेजाऱ्याला मिळेल का? (इ) शेजाऱ्याने प्रथम काय करावे?

उत्तरे : (अ) वरील दरांनुसार ७१४ रुपये आणि जीएसटी. (आ) नाही. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणारा तो आपल्या पुढच्या गाडीसाठी वापरू शकतो. (इ) १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा.