विळ्याच्या आकाराची पेशी

1904 सालच्या डिसेंबर महिन्यातील ही गोष्ट. अमेरिकेतील शिकागो शहराच्या एका इस्पितळात वीस वर्षांचा एक तरुण उपचारासाठी आला. त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. तो मूळचा वेस्ट इंडीज बेटांपैकी ग्रेनेडा या लहानशा बेटावरचा. दंतवैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी सागर ओलांडून तो त्याच वर्षी शिकागोस आला होता. त्याला खोकला झाला होता, धाप लागत होती आणि पायांवर व्रणांच्या खुणा होत्या. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या तरुण डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरला व तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या, चपट्या आणि मध्यभागी किंचित दबलेल्या असतात. या तरुणाच्या रक्तात मात्र कित्येक पेशी लांबट, टोकदार आणि विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या दिसत होत्या!

आयर्न्स यांनी ही गोष्ट आपले वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांच्या नजरेस आणली. हेरिक यांनी अडीच वर्षे त्या तरुणाच्या प्रकृतीची नोंद ठेवली. अखेर 1910 साली त्यांनी एक लेख लिहून ही हकीकत जगापुढे मांडली. हा रोग कोणता, हे आपणांस ठरविता आलेले नाही, अशी प्रांजळ कबुलीही त्यांनी दिली. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ व पेशीला ‘सेल’ म्हणतात. त्यावरून पुढे या रोगास ‘सिकलसेल’ हे नाव मिळाले. पश्चिम आफ्रिकेतील लोकांना मात्र हा रोग पूर्वापार ठाऊक होता व त्यांच्या भाषांत त्यास निरनिराळी नावेही होती. नोएल शिक्षण पुरे करून आपल्या बेटावर परतला व तेथे दंतवैद्य म्हणून काम करू लागला. परंतु 1916 साली फुप्फुसाच्या विकाराने त्याचा अंत झाला. आपल्या रक्तात नेमके काय बिघडले आहे, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

हा रोग झालेल्या माणसाची अवस्था मोठी कठीण असते. निरोगी तांबडी पेशी लवचिक असते. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून सहज निघून जाते. विळ्याच्या आकाराची पेशी मात्र ताठर असते. अशा अनेक पेशी एकमेकींत अडकल्या म्हणजे रक्ताची वाट बंद होते. त्या भागास प्राणवायू मिळेनासा होतो आणि हातापायांत, पाठीत, छातीत असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. विळ्यासारखी पेशी दहा ते वीस दिवसांतच नाश पावते. त्यामुळे रक्त कमी पडते व रोगी फिकट आणि अशक्त होतो. थंडी, ताप, अति श्रम किंवा पाणी कमी पिणे एवढेही कारण वेदनांचा झटका येण्यास पुरते.

पेशी वाकडी का होते, याचा छडा लावण्यास पुढे कितीतरी वर्षे लागली. 1927 साली असे दिसून आले की, प्राणवायू कमी झाला म्हणजे या पेशी वाकतात आणि तो पुन्हा मिळाला म्हणजे पूर्ववत् होतात. 1945 साली लिनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने ही हकीकत एका डॉक्टरांच्या तोंडून ऐकली आणि त्याच्या मनात एक विचार चमकला. रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याचे काम हीमोग्लोबिन नावाचे तांबडे प्रथिन करते. मग दोष पेशीत नसून या हीमोग्लोबिनमध्येच असेल काय?

ही कल्पना पडताळून पाहण्याचे काम पॉलिंगने हार्वे इटानो या तरुण डॉक्टराकडे सोपविले. इटानो जन्माने अमेरिकन, परंतु त्याचे आईबाप जपानी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 साली, केवळ एवढ्याच कारणास्तव सरकारने त्याला एका छावणीत डांबले होते. त्याच वर्षी त्याच्या विद्यापीठाने सर्वश्रेष्ठ विद्यार्थी म्हणून त्याला पदक दिले. पण ते घेण्यास तो समारंभाला जाऊ शकला नाही. अशा अन्यायाने खचून न जाता त्याने शिक्षण पुरे केले होते. इटानो व त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रोग्याचे हीमोग्लोबिन विद्युत्‌प्रवाहात ठेवून पाहिले. दोन्हींची चाल वेगवेगळी आढळली! एका रोगाचे मूळ एका विशिष्ट रेणूतील दोषात आहे, हे 1949 साली प्रथमच सिद्ध झाले.

तो दोष किती मोठा होता? 1956 साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. हीमोग्लोबिन हे अमिनो आम्ले नावाच्या घटकांचे बनलेले असते. माळेत मणी ओवावेत तसे ते घटक ओळीने गुंफलेले असतात. इंग्रॅम यांनी त्या माळेचे लहान लहान तुकडे केले व ते कागदावर पसरून निरोगी आणि सदोष हीमोग्लोबिनची तुलना केली. सारे तुकडे जुळले. एकच तेवढा निराळा निघाला. 146 मण्यांच्या एका माळेत सहाव्या जागी वेगळाच मणी ओवला गेला होता. बाकीचे सर्व मणी जेथल्या तेथे होते.

एवढ्याशा बदलाने एवढा अनर्थ व्हावा, याचे आश्चर्य वाटते. परंतु भाषेतही असे घडतेच. ‘फूल’ या शब्दातील पहिले अक्षर बदलले की ‘शूल’ हा शब्द होतो. एक मनाला प्रसन्न करते. दुसरा म्हणजे तीव्र वेदना. शरीरातील प्रथिने कशी घडवावीत, याच्या सूचना आपल्या पेशींतील जनुकांत रासायनिक अक्षरांनी लिहिलेल्या असतात. सिकलसेल रोगात त्या लेखनातील एक अक्षर बदललेले असते.

हे जनुक आईकडून एक व वडिलांकडून एक असे जोडीने मिळते. जोडीतील एकच जनुक सदोष असेल, तर त्या माणसास वाहक म्हणतात. त्याची प्रकृती सामान्यतः उत्तम असते. दोन्ही जनुके सदोष असतील तर मात्र रोग होतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. हा रोग स्पर्शाने, एकत्र बसण्याने किंवा एका ताटात जेवण्याने कोणालाही होत नाही.

असे घातक जनुक पिढ्यान् पिढ्या टिकून का राहिले असावे? 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील आपल्या संशोधनाच्या आधारे याचे उत्तर दिले. ज्या मुलांत हे जनुक एकच होते, त्यांना हिवतापाचा त्रास इतरांपेक्षा कमी होत असे. म्हणून जेथे हिवतापाचा जोर, तेथे हे जनुक टिकून राहिले. भारतातील हिवतापग्रस्त वनप्रदेशांतही तेच घडले. आपल्या देशात या रोगाची नोंद 1952 साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये प्रथम झाली. महाराष्ट्रात नंदुरबार व गडचिरोली या जिल्ह्यांत आणि विदर्भाच्या अन्य भागांतही हा रोग आढळतो. तो केवळ आदिवासींतच असतो असे नव्हे. इतर समाजांतही तो दिसून येतो.

दोष कळला, पण त्याच्यावर उपाय कोणता? त्याचा धागा एका साध्या निरीक्षणात दडलेला होता. 1948 साली न्यूयॉर्क येथील जेनेट वॉटसन या महिला डॉक्टरांच्या लक्षात आले की, ज्यांना पुढे हा रोग होणार, त्या नवजात बालकांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच थोड्या असतात. मूल आईच्या पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हीमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते नाहीसे होऊन त्याची जागा नेहमीचे हीमोग्लोबिन घेते. बालपणीचे हे हीमोग्लोबिनच त्यांचे रक्षण करीत असावे, असे वॉटसन यांनी सुचविले. पुढे अरबस्तानाच्या पूर्व भागात व आपल्या ओडिशात असे रुग्ण आढळले की, ज्यांच्या रक्तात हे हीमोग्लोबिन मोठेपणीही बरेच होते. त्यांचा रोग सौम्य होता. वॉटसन यांच्या तर्कास यामुळे बळकटी आली.

1995 साली अमेरिकेत असे दाखविण्यात आले की, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने हे जुने हीमोग्लोबिन वाढते व वेदनांचे झटके सुमारे निम्म्यावर येतात. ते औषध आजही रोज हजारो रुग्णांच्या कामी येते. 2008 साली अमेरिकेतील बोस्टन येथे स्टुअर्ट ऑर्किन व विजय शंकरन या शास्त्रज्ञांनी याहून खोल जाऊन पाहिले. बालपणीचे हीमोग्लोबिन बंद करणारी जणू एक कळच त्यांना सापडली. ही कळ म्हणजे दुसरे एक जनुक होय.

आता उरला प्रश्न एवढाच, की ती कळ फिरवावी कशी? 2012 साली इमॅन्युएल शार्पेंटिए व जेनिफर डाउडना या दोन विदुषींनी, जीवाणूंत आढळणाऱ्या ‘क्रिस्पर’ या यंत्रणेच्या साहाय्याने जनुकाचा नेमका हवा तोच भाग कापता येतो, हे दाखवून दिले. 2020 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सूक्ष्म कात्रीचा उपयोग करून डॉक्टरांनी नवा उपचार सिद्ध केला. रुग्णाच्या रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढावयाच्या, प्रयोगशाळेत त्यांतील ती कळ निकामी करावयाची आणि त्या पेशी पुन्हा त्याच्याच शरीरात सोडावयाच्या, अशी ही रीत आहे. मध्यंतरी जालीम औषधे देऊन हाडांतील जुन्या मूळ पेशी नष्ट कराव्या लागतात. म्हणून रुग्णास कित्येक आठवडे इस्पितळात काढावे लागतात व बरेच सोसावे लागते. परंतु त्याचे फळही पदरात पडते. चाचणीतील ज्या 31 रुग्णांची पुरेशी दीर्घकाळ पाहणी झाली होती, त्यांपैकी 29 जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाही. 2023 सालच्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने बारा वर्षे आणि त्यांवरील वयाच्या रुग्णांसाठी या उपचारास मान्यता दिली. हेरिक यांच्या लेखास तेव्हा 113 वर्षे झाली होती.

तथापि येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर ठरली. सातपुड्याच्या पाड्यावरील शेतमजुराने एवढे द्रव्य कोठून आणावे? ज्यांना या रोगाने अधिक पीडिले, त्यांच्यापासूनच त्याचा उपाय फार दूर आहे. तो स्वस्त व सुलभ व्हावा म्हणून निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ झटत आहेत. त्यांत दिल्ली येथील एका राष्ट्रीय संस्थेतील भारतीय शास्त्रज्ञही आहेत.

पण तोपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावरूनही या जनुकाची प्राथमिक तपासणी करता येते. भारत सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि 2047 सालापर्यंत या रोगाचे उच्चाटन करावयाचे, असा तिचा संकल्प आहे. आपण वाहक आहोत की नाही, हे विवाहापूर्वी कळले, तर तरुणतरुणींना डॉक्टरांचा सल्ला घेऊन विचारपूर्वक निर्णय करता येतो. जन्मतःच रोग कळला, तर बालकास वेळीच औषधे देऊन त्याचे प्राण वाचविता येतात.

वर्गातील एखादे मूल वारंवार गैरहजर राहते, खेळताना लवकर थकते, मधूनमधून पाणी पिण्यासाठी उठते. त्याला आळशी म्हणणे सोपे असते. परंतु त्याच्या रक्तातील पेशी त्या वेळी कोणती वाट अडवीत असतील, हे वरून दिसत नाही. ते दिसावे म्हणून कोणी काचपट्टीवर डोळा लावून बसला, कोणी माळेतील एक मणी शोधून काढला, कोणी तान्ह्या बालकांचे रक्त तपासले. त्यांनी मिळविलेले ज्ञान पाड्यापाड्यापर्यंत पोहोचविणे, हे काम अजून व्हावयाचे आहे.

स्वाध्याय

1. आयर्न्स यांना नोएलच्या रक्तात कोणती विलक्षण गोष्ट दिसली?

2. हेरिक यांच्या लेखातून त्यांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसून येतो?

3. ‘फूल’ व ‘शूल’ हे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे? अशा आणखी तीन जोड्या शोधून लिहा.

4. नवजात बालकांच्या रक्ताचे निरीक्षण पुढील संशोधनास कसे उपयोगी पडले, ते आठ-दहा ओळींत लिहा.

5. वाहक आणि रोगी यांतील भेद सांगा. आईवडिलांपैकी एकच जण वाहक असेल व दुसऱ्याची दोन्ही जनुके निर्दोष असतील, तर त्यांच्या अपत्यास हा रोग होईल काय? कारण द्या.

6. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : छडा लावणे, अंग चोरणे, कामी येणे, पदरात पडणे.

7. ‘हा रोग स्पर्शाने होतो,’ असे समजणाऱ्या शेजाऱ्याची समजूत तुम्ही कशी घालाल, ते संवादरूपाने लिहा.