चेंडूवरचे आकडे

आपल्या जिमखान्याच्या खोलीत सॉफ्टबॉलचं किट आहे, हे निम्म्या हॉस्टेलला माहीत नसेल. उरलेल्या निम्म्यांना वाटतं, चेंडू म्हणजे चेंडू, त्यात बघायचं काय! मलाही तसंच वाटायचं. मग गेल्या मोसमात एका संध्याकाळी जुने चेंडू बाजूला ठेवून आम्ही नवा डबा उघडला. तिसऱ्याच फटक्याला चेंडू सरळ आमच्या पिचरच्या नडगीवर! दोन आठवडे लंगडत लेक्चरला. तो एकच प्रश्न विचारत होता, "रोजचाच बॅटर, रोजचीच बॅट. मग आजच ग्लोव्ह खाली कसा पोचला नाही?"

एका फटक्यावरून सगळा दोष चेंडूला देणं बरं नव्हे. पण या प्रश्नामुळे मी पहिल्यांदा चेंडूवर छापलेले आकडे वाचले. ते असे असतात: ४७ आणि ३७५. स्लोपिचच्या चेंडूंवर ५२ आणि ३००, ४४ आणि ३७५, किंवा ४० आणि ३२५ अशा जोड्याही दिसतात. वजन आणि घेर मात्र यातल्या सगळ्या १२ इंची चेंडूंचा सारखाच: घेर सुमारे ३०.५ सेंमी, वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम. म्हणजे हातात घेऊन फरक कळणार नाही. तो आकड्यांतच आहे.

पहिला आकडा : उसळी

४७ म्हणजे ०.४७. प्रथम वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये आपण जो 'कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन' पाठ करून विसरलो, तोच हा. चेंडू ताशी ६० मैल (सुमारे ९६.५ किमी) वेगाने एका कडक, सपाट, न हलणाऱ्या पृष्ठभागावर मारतात आणि परतीचा वेग मोजतात. परतीच्या वेगाला येतानाच्या वेगाने भागलं की हा आकडा. ०.४७ चा चेंडू ताशी साधारण ४५ किमीने परत येईल.

ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ०.४७ चा वर्ग करा. आला ०.२२. म्हणजे १०० पैकी फक्त २२ भाग ऊर्जा परत मिळाली, ७८ भाग चेंडूने आतल्या आत गिळले! ०.५२ चा चेंडू २७ भाग परत देतो, ०.४० चा फक्त १६.

दुसरा आकडा : कडकपणा

३७५ हा पाउंडांतला जोर आहे. चेंडू दोन सपाट प्लेटांमध्ये ठेवून पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, दाबायला लागतो तेवढा. आपल्या भाषेत जवळजवळ १७० किलोचा भार. स्प्रिंगच्या हिशेबाने प्रत्येक मिलिमीटरला सुमारे २६३ न्यूटन. ३०० पाउंडांच्या चेंडूला तेच २१० न्यूटन.

इथे बहुतेकांची गल्लत होते. कडक चेंडू जास्त उसळतो असं वाटतं, पण हे दोन वेगळे गुण आहेत. ५२/३०० चा चेंडू ४४/३७५ पेक्षा मऊ, तरीही जास्त उसळणारा. पूर्वी गाभ्यात पांढऱ्या सावरीचा कापूस, म्हणजे कपोक, किंवा कॉर्क-रबराचं मिश्रण असे. आता बहुतेक पॉलियुरेथेन असतं आणि त्याची घडण बदलून हे दोन गुण बरेचसे स्वतंत्रपणे ठरवता येतात.

आता फटका मारू

टक्करीचं साधं गणित असं:

फटक्याचा वेग = क × पिचचा वेग + (१ + क) × बॅटचा वेग

इथे क = (ई − र) ÷ (१ + र). ई म्हणजे उसळीचा आकडा. र म्हणजे चेंडूचं वस्तुमान भागिले बॅटचं, चेंडू लागतो त्या जागी जाणवणारं वस्तुमान. र ०.२५ धरू. पिच ताशी ९० किमी, बॅट १०० किमी, आणि बॅट लाकडी.

०.४० च्या चेंडूला क येतो ०.१२ आणि फटका सुमारे १२३ किमीचा. ०.४४ ला १२९, ०.४७ ला १३३, ०.५२ ला १४१. (जोरात आदळताना उसळीचा आकडा थोडा घटतो, त्यामुळे खरे वेग याहून कमी येतील. क्रम मात्र हाच राहील.) ०.४४ वरून ०.४७ वर गेलं की साडेचार किमी फुकटात मिळतात. तेवढे बॅट फिरवून कमवायचे तर स्विंग ताशी जवळजवळ ४ किमीने वाढवावा लागेल. त्याला किती डिप्स लागतात ते जिमवाल्यांना विचारा!

मग दुसऱ्या आकड्याचं काम काय?

लाकडी बॅटपुरतं फारसं नाही. खरी गंमत पोकळ बॅटमध्ये, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम किंवा कॉम्पोझिटमध्ये आहे. तिची भिंत चेंडूबरोबर किंचित आत दबते आणि परत बाहेर येते, ट्रॅम्पोलिनसारखी. चेंडू आणि भिंत या एकापाठोपाठ जोडलेल्या दोन स्प्रिंगा समजा. जोर दोघींवर सारखाच, म्हणून जी मऊ ती जास्त ऊर्जा साठवते. समजा भिंतीचा कडकपणा ३७५ च्या चेंडूच्या सातपट आहे. मग भिंतीकडे ऊर्जेचा आठवा हिस्सा जाईल, १२.५ टक्के. चेंडू ३०० पाउंडांइतका मऊ झाला तर हाच हिस्सा १० टक्क्यांवर येतो.

दोन-अडीच टक्क्यांनी काय होतं? भिंत बहुतेक ऊर्जा परत देते, तर चेंडू तीन चतुर्थांशाहून जास्त खातो. म्हणून इमानदार सावकाराकडे थोडी जास्त ठेव गेली, तरी फटक्यात जाणवते. थोडक्यात काय, तर कडक चेंडू पोकळ बॅटला कामाला लावतो आणि मऊ चेंडू सगळं काम स्वतःवर ओढून घेऊन वाया घालवतो.

याच परिणामामुळे बॅटवरही बंधनं आली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेने (आताची यूएसए सॉफ्टबॉल) २००४ पासून बॅट तपासताना फटक्याच्या वेगाला ताशी ९८ मैलांची मर्यादा घातली. बॅट आणि चेंडू, दोन्ही नियमात असतील तरच खेळ हातात राहतो.

आपल्या मैदानावर

पॉलियुरेथेन उन्हात मऊ पडतं, थंडीत कडक होतं. मार खाऊन खाऊनही चेंडू मऊ होतो. जळगाव-अकोल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी एकच चेंडू सारखा वागणार नाही. आमचे जुने चेंडू मोसमभर मार खाल्लेले, वर पत्र्याच्या खोलीत भाजलेले. नवा डबा पूर्ण ३७५ चा, आणि बॅट पोकळ!

आता पिचरचं गणित. चेंडू सोडल्यावर तो बॅटरपासून साधारण १२ मीटरवर असतो. १३३ किमीचा फटका त्याच्यापर्यंत ०.३२ सेकंदात येतो. १४१ चा ०.३१ मध्ये. फरक एक-दोन शतांशांचा, पण खिशात मुळात बत्तीसच शतांश असतील तर एकही महाग पडतो. शिवाय कडक चेंडू अंगावर लागला की कमी दबतो, म्हणजे मारही जास्त.

म्हणून जिमखाना समितीला आणि सरांना तीन विनंत्या. एक, स्पर्धेच्या पत्रकात चेंडूचे आकडे बघूनच खरेदी करावी, आणि सरावाला तेच चेंडू वापरावेत. दोन, चेंडू पत्र्याखाली न ठेवता सावलीच्या कपाटात ठेवावेत. तीन, पिचरला फेसमास्क आणि नडगीला पॅड. डझनभर चेंडूंपेक्षा नडगी महाग!

आणि तुम्हाला हॉस्टेलवर प्रयोग करायचाय? नवा-जुना चेंडू २ मीटरवरून फरशीवर सोडा आणि उसळी मोजा. उंचीच्या गुणोत्तराचं वर्गमूळ म्हणजे ई. तो छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त येईल, कारण इथे वेग जेमतेम ताशी २२ किमी असतो. पण दोन चेंडूंची तुलना नक्की होईल. फक्त रात्री अकरानंतर नको, खालच्या मजल्यावर रेक्टर सर राहतात!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी