आई कामाला जाते तेव्हा

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांची अम्मी घराबाहेर काम करत असेल. कोणाची शाळेत शिकवते, कोणाची दवाखान्यात परिचारिका आहे, कोणाची कारखान्यात कपडे शिवते. "आई कामाला गेली की मुले बिघडतात," असे काही लोक म्हणतात. हे खरे आहे का?

आई दिसली नाही की बाळ रडते. मग त्याच्या मनाला काय हवे असते? ओळखीचा चेहरा, वेळेवर दूध आणि प्रेमाचा स्पर्श. तो नानीचा असो, अब्बांचा असो की पाळणाघरातल्या ताईंचा. रोज तेच माणूस जवळ असले आणि आई ठरल्या वेळी परत आली, की बाळाचा विश्वास बसतो. सांभाळणारे माणूस सारखे बदलले किंवा कोणीच नसले, तर मात्र ते घाबरते.

1969 सालची गोष्ट. दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी बांधकाम चालू होते. मजूर स्त्रिया तेथे राबत होत्या आणि त्यांची तान्ही मुले उन्हात, धुळीत पडून असत. मीरा महादेवन यांनी हे पाहिले. त्यांनी आयांना काम सोडायला सांगितले नाही. बांधकामाच्या जागीच तंबूत पाळणाघर सुरू केले. हेच 'मोबाइल क्रेशेस', म्हणजे फिरते पाळणाघर. 1972 मध्ये मुंबईतही असे काम सुरू झाले.

पाळणाघर नसेल तर काय होते? अनेक घरांत मोठी मुलगी शाळा सोडून भावंडांना सांभाळते. आईच्या कामाची किंमत तिने का द्यावी? मूल सांभाळणे ही अब्बांची, घरातल्या सर्वांची आणि समाजाचीही जबाबदारी आहे.

तुम्हीही काही करू शकता. भाऊ-बहिणींनी घरकाम वाटून घ्यावे. अम्मी दमून आली की तिला पाणी द्यावे, दिवसभराच्या गोष्टी सांगाव्यात. एकटे वाटत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. आई घरी किती तास असते, एवढेच महत्त्वाचे नाही. ती आपली आहे आणि आपले ऐकते, हा भरवसा मुलाला बळ देतो.

शब्दार्थ
परिचारिका – नर्स
तान्हे – अंगावर दूध पिणारे, अगदी लहान
भरवसा – विश्वास

स्वाध्याय
1. बाळ केव्हा घाबरते?
2. मीरा महादेवन यांनी काय केले?
3. तुमच्या घरी कोणते काम कोण करते, ते पाच ओळींत लिहा.