वादळाच्या मार्गाचा नकाशा कसा वाचावा

समुद्रावरील वादळाची बातमी हल्लीं किनाऱ्यावरील खेड्यांत तीन-चार दिवस आधींच येऊन पोहोंचते. पूर्वीं ती बंदरावरील बावट्यानें येत असे. आतां ती हातांतील टेलिफोनावर येते, आणि तिच्याबरोबर बहुधा एक नकाशाही येतो. त्या नकाशावर मध्यें एक रेघ असते, व तिच्या दोहों बाजूंस नरसाळ्याप्रमाणें रुंद होत जाणारा एक पट्टा असतो. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, बहुतेक लोक ती रेघ तेवढी पाहतात, तिच्यावर आपलें गांव नाहीं एवढी खात्री करून निश्चिंत होतात, आणि नकाशा दुसऱ्यास पाठवून देतात. अशा वाचनापायीं माणसें प्राणास मुकतात. म्हणून हा नकाशा कसा वाचावा तें आम्ही या पाठांत यथामति सांगणार आहों.

प्रथम वादळ म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. तापलेल्या समुद्रावरील दमट हवा वर चढते, तिची जागा भरून काढण्यास चोहोंकडून वारा धांवतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळें तो सरळ मध्याकडे न जातां भोंवऱ्यासारखा गरगर फिरूं लागतो. आपल्या गोलार्धांत हा फेर नेहमीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट असतो. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या गृहस्थानें १८४० नंतरच्या दशकांत सर्पाच्या वेटोळ्यावरून यास ‘सायक्लोन’ हें नांव दिलें. अमेरिकेच्या पूर्वेकडील समुद्रांत यासच ‘हरिकेन’ म्हणतात, चीनकडे ‘टायफून’. आमचे खलाशी तुफान म्हणतात, आणि तें नांव कांहीं वाईट नाहीं. वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटरांवर गेला कीं भारतीय हवामान खातें त्यास चक्रीवादळ म्हणतें व त्याचें नामकरण करतें. तो ताशीं ११९ किलोमीटरांस पोहोंचला कीं अमेरिकेंत त्यास हरिकेन ही पदवी मिळते.

आतां हा भोंवरा जातो कोणीकडे? येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी कीं, वादळ बहुतांशीं आपल्या पायांनीं चालत नाहीं. ओढ्यांतील भोंवरा जसा प्रवाहाबरोबर वाहत जातो, तसें वादळही आकाशांतील उंच वाऱ्यांच्या प्रवाहानें नेलें जातें. प्रवाह जोराचा व एकाच दिशेचा असला म्हणजे भाकीत सोपें. परंतु कधीं कधीं हवेच्या अधिक दाबाच्या दोन प्रदेशांमध्यें वादळ सांपडतें. एक त्यास वायव्येकडे नेऊं पाहतो, दुसरा ईशान्येकडे. एका गाडीचे दोन बैल दोहोंकडे ओढूं लागले असतां गाडी जशी अडखळते, तसें तें मग मंदावतें, घुटमळतें, आणि अखेर कोणीकडे वळेल हें भोंवतालच्या वाऱ्यांतील अल्पशा फरकावर ठरतें. तो अल्पसा फरक समुद्रावर मोजावा कोणी? तेथें कचेरी नाहीं कीं वेधशाळा नाहीं. उपग्रह वरून ढग पाहतात, कांहीं ठिकाणीं तरंगत्या बोयांवरील यंत्रें दाब कळवितात, आणि वादळ जवळ आलें म्हणजे किनाऱ्यावरील रडारास तें दिसूं लागतें. अमेरिकेंत १९४३ सालापासून विमानें प्रत्यक्ष वादळाच्या पोटांत शिरून मोजमाप घेऊं लागलीं. आपल्या समुद्रावर तशीं विमानें नेहमीं जात नाहींत.

मोजमाप हातीं नसतां खात्री बाळगल्यास काय होतें, याचें एक फार दुःखद उदाहरण त्याच देशाच्या इतिहासांत आहे. सप्टेंबर १९०० मध्यें एक वादळ क्युबा बेटावरून पुढें गेलें. तें पश्चिमेस टेक्सासकडे जात आहे असें हवाना येथील निरीक्षकांचें मत होतें. वॉशिंग्टन येथील सरकारी हवामान कचेरीचें मत असें कीं, तें उत्तरेकडे वळून अटलांटिक किनाऱ्यानें जाईल. त्या काळीं जहाजांवर बिनतारी यंत्रें नव्हतीं. वादळ आखाताच्या मध्यावर असतां त्याची बातमी देणारें कोणी नव्हतें. शिवाय क्युबांतील निरीक्षकांच्या तारांस सरकारनें प्रतिबंध केला होता. ता. ८ सप्टेंबर रोजीं तें वादळ टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन या बेटावरील शहरावर आलें. शहराचा उंचांत उंच भाग समुद्रापासून ९ फुटांहूनही कमी, आणि पाणी चढलें १५ फुटांवर. निदान ६,००० माणसें मेलीं. कित्येकांच्या मतें ८,००० किंवा त्याहूनही अधिक. वॉशिंग्टनच्या कचेरीचा अंदाज चुकला यांत नवल नव्हतें. अंदाज आहे तो चुकूं शकतो, आणि दुसऱ्याचा खरा ठरूं शकतो, हें मान्य करण्यास ती तयार नव्हती, येथें खरें दुःख आहे.

हल्लींच्या नकाशावरील पट्टा म्हणजे हीच कबुली होय. भारतीय हवामान खात्याचा अलीकडच्या वर्षांतील अनुभव असा आहे कीं, एक दिवस आधीं सांगितलेली केंद्राची जागा सरासरीनें ७० ते ८० किलोमीटरांनीं चुकते, आणि तीन दिवस आधीं सांगितलेली सुमारें १५० किलोमीटरांनीं. पूर्वींच्या मानानें ही प्रगति मोठी आहे. पण ७० किलोमीटर म्हणजे किती? अलिबागेहून श्रीवर्धन सरळ रेषेंत सुमारें ६५ किलोमीटर आहे. अर्थात् उद्यां वादळ अलिबागेस येईल असें आज सांगितलें, व तें श्रीवर्धनास आलें, तर शास्त्राच्या दृष्टीनें अंदाज उत्तम ठरला. श्रीवर्धनच्या माणसाच्या दृष्टीनें मात्र सगळेंच बदललें. ही संभाव्य चूक दाखविण्यासाठींच रेघेभोंवतीं पट्टा काढतात, व दिवस जितके दूरचे तितका तो रुंद होत जातो.

या पट्ट्याविषयीं लोकांच्या मनांत मोठा गैरसमज आहे. पट्ट्याची रुंदी म्हणजे वादळाची रुंदी, असें ते समजतात. तसें नाहीं. वादळाचें केवळ केंद्र कोठून जाण्याचा संभव आहे, एवढेंच पट्टा सांगतो. वारा, पाऊस व समुद्राची भरती हीं पट्ट्याच्या बाहेर कितीही दूर जाऊं शकतात. आणि केंद्र तरी पट्ट्यांत राहीलच असें कोठें आहे? अमेरिकन हरिकेन केंद्र आपला पट्टा मागील पांच वर्षांच्या चुकांवरून अशा बेतानें आंखतें कीं, तीन वेळांपैकीं दोन वेळां केंद्र त्यांत पडावें. तिसऱ्या वेळीं तें बाहेर जातें, आणि त्यांत कोणी लबाडी केली असें होत नाहीं.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. जून २०२० मध्यें महामारीचे दिवस असतां ‘निसर्ग’ नांवाचें वादळ आलें. हरिहरेश्वर ते दमण एवढ्या लांब किनाऱ्यावर, अलिबागेच्या जवळपास, तें धडकेल असें आधीं सांगण्यांत आलें होतें. सगळ्यांचे डोळे मुंबईकडे लागले. वृत्तपत्रें मुंबई, टेलिव्हिजन मुंबई. एवढ्या मोठ्या शहराची काळजी वाटणें स्वाभाविकही होतें. ता. ३ जून रोजीं दुपारीं वादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनारा चढलें. मुंबईंत बसून पाहणाऱ्यास वाटलें कीं वादळ चुकलें. त्याच वेळीं श्रीवर्धन, मुरुड, म्हसळें, दापोली व मंडणगड या तालुक्यांत घरांचीं छपरें उडत होतीं, आणि नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या होत होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे; पोफळ लावल्यापासून फळास येण्यास सहा-सात वर्षें लागतात, हें वाडीवाल्यास सांगावयास नको. कित्येक गांवांत वीज व टेलिफोन आठवडेच्या आठवडे आले नाहींत, आणि आपली हानि कळविण्यासही त्यांजजवळ साधन नव्हतें.

या दक्षिणेकडील तालुक्यांस इतका मार कां बसला, हेंही पाहण्यासारखें आहे. आपल्या गोलार्धांत वादळाच्या जाण्याच्या दिशेकडे तोंड करून उभें राहिलें असतां उजव्या हाताची बाजू अधिक घातक असते. कारण तेथें फिरणारा वारा व पुढें सरकणारें वादळ हीं दोन्ही एकाच दिशेनें जातात व त्यांचे वेग मिळतात. ‘निसर्ग’ ईशान्येकडे जात होतें. त्याच्या उजव्या हातास श्रीवर्धन व दापोली, डाव्या हातास मुंबई. एवढा उजव्या-डाव्याचा विचार ज्यानें केला असेल, त्यास रेघ अलिबागेजवळून जाते हें ऐकून श्रीवर्धनांत स्वस्थ झोंप आली नसती.

याच्या उलट उदाहरण जून २०१९ मधील ‘वायु’ वादळाचें. तें ता. १३ रोजीं सौराष्ट्रांत वेरावळच्या बाजूस धडकेल असा इशारा होता. गुजरात सरकारनें तीन लाखांच्या आसपास लोक किनाऱ्यावरून हलविले. ऐन वेळीं वादळ किनाऱ्याला बगल देऊन पश्चिमेकडे वळलें, व कांहीं दिवस समुद्रावर भटकून निवळलें. आतां गुरें सोडून, घरास कुलूप लावून, शाळेच्या ओटीवर दोन रात्री काढलेल्या माणसास राग येणें साहजिक आहे. तो म्हणतो, “फुकट हलविलें.” आम्ही त्याच्या रागास हंसत नाहीं, गरीबाचे दोन दिवस बुडणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पुढें काय झालें तेंही त्यानें ऐकावें. दोनच वर्षांनीं, १७ मे २०२१ च्या रात्रीं, ‘तौक्ते’ नांवाचें त्याहून भयंकर वादळ त्याच किनाऱ्यावर, दीव व उना यांच्या बाजूस, खरोखरच चढलें, व गिर-सोमनाथ आणि अमरेलीकडील आंबराया उध्वस्त करून गेलें. ‘वायु’च्या वेळचा इशारा खोटा म्हणून जो त्या रात्रीं घरांतच राहिला असेल, त्याची स्थिति काय झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. आणि याच ‘तौक्ते’चें केंद्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यास शिवलेंही नाहीं, तें समुद्रांतूनच गेलें, तरी मुंबईसमोरील तेलक्षेत्रांत ‘पी-३०५’ ही कामगारांची तराफा-नौका बुडून सत्तरांहून अधिक माणसें मेलीं. इशारा कित्येक दिवस आधीं मिळालेला होता.

आतां गांवीं प्रत्यक्ष काय करावें? शाळेंतील भिंतीवरचा नकाशा पुरे. हवामान खात्याच्या प्रत्येक पत्रकांत केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात; मास्तरांनीं मुलांकडून त्या जागीं टिंब देववावें व वेळ लिहवावी. मुंबई सुमारें १९ अंशांवर, श्रीवर्धन १८ वर, रत्नागिरी १७ वर. एक अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर. चार-पांच टिंबें पडलीं कीं वादळ सरळ चाललें आहे, वळत आहे, कीं घुटमळत आहे, हें पोरासही दिसतें. घुटमळूं लागलें म्हणजे पुढच्या पत्रकाची विशेष वाट पाहावी, कारण रेघ बदलण्याचा संभव तेव्हांच अधिक. प्रत्येक नव्या पत्रकाबरोबर जुना नकाशा टाकून द्यावा. काल आलेला नकाशा आज फिरविणें यासारखें घातक दुसरें कांहीं नाहीं, मग तो कितीही जवळच्या नातलगानें पाठविलेला असो.

पत्रक मिळेनासें झालें तर एक जुनी खूण आहे. बाइस बॅलट नांवाच्या डच शास्त्रज्ञानें ती १८५७ सालीं सांगितली. वाऱ्याकडे पाठ करून मोकळ्या जागीं उभें राहावें. वादळाचें केंद्र साधारणपणें आपल्या डाव्या हातास असतें. जरा वेळानें पुन्हां पाहावें, म्हणजे तें कोणीकडे सरकत आहे याचा अंदाज येतो. मात्र वारा अगदीं जोरांत असतां एकदम थांबला व आकाश उजळलें, तर वादळ संपलें असें समजून बाहेर पडूं नये. केंद्रच डोक्यावर आलेलें असतें, आणि थोड्याच वेळांत वारा उलट दिशेनें तितक्याच जोरानें सुटतो. छपरावर चढून पत्रे ठोकणारे लोक नेमके त्या वेळीं सांपडतात.

बंदरावरील बावट्यांची भाषाही मुलांस शिकवावी. एकपासून अकरापर्यंत त्यांचे क्रमांक आहेत. तीन नंबरचा बावटा कोळ्यांच्या परिचयाचा आहे, दहावा म्हणजे महाभयंकर वादळ बंदरावरून किंवा अगदीं जवळून जाणार. अकरावा सर्वांत निराळा: हवामान कचेरीशीं दळणवळणच तुटलें, एवढा त्याचा अर्थ. खोल समुद्रांत गेलेल्यांस मात्र बावटा दिसत नाहीं. डिसेंबर २०१७ मध्यें ‘ओखी’ वादळांत सांपडलेल्या केरळ व तामिळनाडूकडील कित्येक नौका शेकडों मच्छीमारांसह आपल्या देवगड बंदरांत येऊन लागल्या. घरच्यांस तोंवर त्यांचा ठावठिकाणा नव्हता. म्हणून कोणाची होडी कोणत्या दिवशीं निघाली, किती माणसें, किती दिवसांचें धान्य, ही नोंद गांवांत कोणा एकाजवळ तरी असावी.

घाटावरील वाचक म्हणतील कीं हें सर्व कोंकणासाठीं आहे. परंतु नकाशावरील पट्टा किनाऱ्यावर संपत नाहीं. तो जमिनीवरही पुढें काढलेला असतो. ‘निसर्ग’ किनारा चढल्यावर त्याच सायंकाळीं सह्याद्रि ओलांडून पुणें जिल्ह्यांत आलें, आणि दुर्बळ होत होत नाशिककडे गेलें. मावळांत पॉलिहाऊसें फाटलीं, झाडें पडून रस्ते अडले, विजेचे खांब वांकले. पुढच्या खेपेस नकाशा हातीं आला म्हणजे घाटावरच्यांनींही रेघेचें पूर्वेकडील टोंक कोठें जातें तें बोट लावून पाहावें, व त्याच्या उजव्या हातास कोणतीं गांवें पडतात तीं वहींत उतरून घ्यावींत.